मूर्ती लहान, नाद किती?

दोन खोल्यांच्या घरात चार फुटांची वीणा ठेवायची कुठे? तंजावरचे कारागीर आता लहान वीणाही बनवून देतात. पण आकार घटला की नेमके काय घटते आणि त्यातले किती विजेच्या मदतीने परत मिळते, हे खरेदीपूर्वीच समजून घेतलेले बरे.

तंजावरच्या साउथ मेन स्ट्रीटच्या परिसरात वीणा बनवणाऱ्यांचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बहुधा घराचाच एक भाग. दाराशी फणसाच्या लाकडाच्या पिवळ्या ढलप्यांचा ढीग, आत कोरून ठेवलेले गोल पेटे आणि भिंतीला टेकवलेल्या अर्ध्यामुर्ध्या दांड्या. मुलीला किंवा नातीला वीणा शिकवण्याची हौस असलेली कुटुंबे येथे येतात, मोठ्या वीणेवरून कौतुकाने हात फिरवतात आणि मग हळूच विचारतात, "यापेक्षा लहान नाही का?"

प्रश्न अगदी साहजिक आहे. पूर्ण आकाराची तंजावर वीणा सुमारे ४ फूट लांब आणि सात-आठ किलो वजनाची असते. मांडी घालून बसायचे, वीणेचा मोठा पेटा उजव्या बाजूला जमिनीवर टेकवायचा आणि डाव्या बाजूचा भोपळा मांडीवर घ्यायचा. दहा वर्षांच्या मुलीचा हात शेवटच्या खुंटीपर्यंत पोचत नाही. गुडघेदुखी असलेल्या गृहिणीला अर्धा तासही तसे बसवत नाही. रिक्षा, बस, लोकल यांचा तर विचारच नको. परिणामी कित्येक घरांत मोठ्या उत्साहाने आणलेली वीणा वर्षभरात कापडात गुंडाळून कपाटावर जाऊन बसते.

मग लहान वीणा हा यावर उपाय आहे का? आहे, पण तो सर्वांसाठी नाही.

फणसाच्या खोडातून

तंजावर वीणेचा मोठा पेटा, म्हणजे कुडम, फणसाच्या लाकडातून कोरतात. हे लाकूड मुख्यतः फणसासाठी प्रसिद्ध असलेल्या पन्रुटी भागातून येते. दांडी, कुडम आणि टोकाचे याळीचे मुख हे सारे एकाच खोडातून कोरलेले असेल, तर ती एकांड वीणा. वेगवेगळे भाग जोडून केलेली वीणा साधी समजली जाते आणि स्वस्तही पडते. दांडीवर मेणाच्या दोन कडांमध्ये पितळेचे २४ पडदे बसवतात. वाजवण्याच्या तारा ४ आणि बाजूला तालाच्या ३. डावीकडचा भोपळा पूर्वी खरोखरीचा असे. आता तो कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचाही असतो.

२४ पक्क्या पडद्यांच्या या रचनेचे श्रेय सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरवर राज्य करणारे रघुनाथ नायक आणि त्यांचे मंत्री गोविंद दीक्षित यांना दिले जाते. त्यापूर्वी रागानुसार पडदे सरकवावे लागत. पक्के पडदे आले आणि एकाच वीणेवर सारे राग वाजू लागले. पुढे १६७० च्या दशकात येथे भोसल्यांचे राज्य आले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. व्यंकोजींच्या वंशातील तुळजाजींनी अठराव्या शतकात 'संगीत सारामृत' हा ग्रंथ लिहिला. वीणेची भावंड असलेले, पण पडदेच नसलेले गोट्टुवाद्यम नावारूपाला आणणाऱ्यांत तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव अग्रगण्य होते. नावावरूनच त्यांचे मराठीपण कळते. विख्यात गायक सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यर त्यांच्याकडेही शिकले होते.

२०१३ मध्ये तंजावर वीणेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्या वीणेला आज आपण परंपरेची वीणा म्हणतो, तीही एकेकाळी कोणीतरी बदललेलीच होती. वाद्यात बदल करणे हे तंजावरला पाप वाटलेले नाही. बदलातून काय साधते, एवढाच काय तो प्रश्न.

गिटारवाल्यांचा अनुभव

असाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे गिटार बनवणाऱ्यांनाही पडला होता. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९३६ मध्ये ईएस-१५० ही पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. नाचगाण्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात साध्या गिटारचा आवाज बुडून जाई, म्हणून तारांखाली चुंबकीय पिकअप बसवले होते. आवाज तर वाढला, पण नवेच दुखणे जडले. ध्वनिवर्धकाचा आवाज गिटारच्या पोकळ अंगाला हादरवी, ते हादरे पुन्हा पिकअपमधून ध्वनिवर्धकात जात आणि सभागृहात कर्कश शीळ घुमू लागे.

त्यावर तोडगा म्हणून १९५८ मध्ये ईएस-३३५ आली. तिचे अंग चपटे होते, दोन्ही बाजू पोकळ आणि मधोमध मेपलच्या लाकडाचा भरीव ठोकळा. तिचे अंग १६ इंच रुंद. ते काखेत धरायला काहींना अवघड वाटे. म्हणून २००७ मध्ये ईएस-३३९ निघाली. रचना तीच, अंग मात्र लहान.

या दोन गिटार शेजारी ठेवून पाहिल्या तर एक मुद्दा चटकन लक्षात येतो. अंग लहान झाले, पण तारेची लांबी बदलली नाही. ती दोन्हींत पावणेपंचवीस इंचच आहे. त्यामुळे मोठ्या गिटारवर तयार झालेला हात लहान गिटारवर अडखळत नाही. पिकअप मुख्यतः तारेचे कंपन टिपते, म्हणून ध्वनिवर्धकातून येणाऱ्या आवाजातही फरक थोडाच पडतो.

लहान वीणेचे तसे नाही. तिचे अंग लहान होतेच, पण बहुतेक वेळा तारही आखूड होते. खरी गोम येथे आहे.

तार आखूड झाली की

हिशेबासाठी समजा, मोठ्या वीणेची तार ३२ इंच आहे आणि लहान वीणेची २४ इंच. मोठीवर पहिला पडदा मेरूपासून सुमारे १.८ इंचांवर येतो, लहानीवर सुमारे १.३५ इंचांवर. लहान मुलीच्या बोटांना हे सोयीचेच. पण घोडीकडे, म्हणजे तारसप्तकाच्या बाजूला, पडदे दाटीने येतात. शेवटच्या दोन पडद्यांतले अंतर मोठ्या वीणेवर अर्ध्या इंचाच्या आसपास असते, लहान वीणेवर ते जेमतेम एक तृतीयांश इंच उरते. मोठ्या माणसाची बोटे तेथे गोंधळणारच.

दुसरी गोष्ट तारेच्या ताणाची. तीच तार तेवढ्याच ताणावर लावली, तर २४ इंचांच्या वीणेचा षड्ज ३२ इंचांच्या वीणेच्या शुद्ध मध्यमावर जाऊन बसतो. आणि स्वर न चढवता जुनाच षड्ज ठेवायचा म्हटले, तर ताण निम्म्याहून जरासाच जास्त उरतो. तार सैल पडते आणि पडद्यावर खरखरते.

कर्नाटक संगीताचा प्राण म्हणजे गमक. वीणेवर ते तार पडद्यावर आडवी ओढून काढतात. आखूड आणि सैल तार थोडीशी ओढली तरी स्वर बराच चढतो. मोठ्या वीणेवर वर्षानुवर्षे रियाझ केलेल्या हाताने लहान वीणा उचलली की म्हणूनच स्वर पुढे निघून जातो. उलट, लहान वीणेवर शिकलेल्या मुलीला पुढे मोठ्या वीणेवर हात नव्याने बसवावा लागतो. जाड तारा लावून हा फरक कमी करता येतो, पण पुरता मिटत नाही.

तिसरी गोष्ट नादाची. खर्जाचे स्वर भरदार यायचे तर पेट्याची तबकडी मोठी हवी आणि आतली पोकळीही मोठी हवी. लहान कुडममधून वरचे स्वर स्वच्छ येतात, पण मंद्र आणि अनुमंद्र तारांचे स्वर पातळ होतात. मिरजेचे तंबोरे पाहणाऱ्यांना हे नवे नाही. उंच पट्टीच्या बायकी तंबोऱ्याचा भोपळा लहान असतो आणि खालच्या पट्टीच्या मर्दानी तंबोऱ्याचा मोठा. त्या लहान आकाराला कोणी नावे ठेवत नाही, कारण आकार आणि पट्टी यांचे तेथे जमलेले असते.

वीज काय देते?

"आवाज कमी असला तर पिकअप लावू," असे सहज म्हटले जाते. वीज आवाज मोठा करते यात शंका नाही. पण चुंबकीय पिकअप लोखंडाच्या जातीच्या तारांचेच कंपन ओळखते. वीणेच्या वरच्या तारा पोलादाच्या असतात, पण खालच्या तारा नुसत्या पितळेच्या असतील तर त्या चुंबकाला ऐकूच येत नाहीत. म्हणून वीणेला बहुधा लाकडावर चिकटवायचे पिकअप लावतात. ते सर्व तारा टिपते, शिवाय नखांची टकटक आणि हात घासल्याचा आवाजही टिपते. आणि मुळात लाकडात खर्ज कमी असेल तर तेही तो कमीच टिपणार. दुधात पाणी असेल तर पातेले मोठे घेऊन साय जास्त येत नाही.

एक फायदा मात्र आहे. मोठ्या पोकळ वीणेला ध्वनिवर्धकासमोर शीळ धरण्याची खोड लवकर लागते, लहान अंगाच्या वीणेत हा त्रास सहसा कमी होतो. मंडळाच्या कार्यक्रमात, मृदंगाच्या जोडीने वाजवणाऱ्याला ही मोठीच सोय.

शिवाय मोठा आवाज म्हणजेच मोठे वादन नव्हे. तंजावर दरबाराच्या नर्तकींच्या घराण्यातल्या वीणा धनम्माळ (१८६७-१९३८) मद्रासमध्ये आपल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी वाजवत. त्यांचा नाद इतका हळुवार असे की श्रोत्यांना अगदी चूप बसावे लागे. दुसऱ्या टोकाला मँडोलिनवादक यू. श्रीनिवास (१९६९-२०१४). त्यांनी लहानशी इलेक्ट्रिक मँडोलिन घेतली, जोडतारांऐवजी ५ एकेरी तारा लावल्या आणि तिच्यावर कर्नाटक संगीतातली अवघड गमके काढून दाखवली. त्या वाद्याकडे त्यांनी वीणेची नक्कल म्हणून पाहिले नाही. त्याच्यासाठी वेगळा हात तयार केला.

मग घ्यावी कोणती?

आठ-दहा वर्षांच्या मुलीसाठी लहान वीणा योग्यच. हात न पोचल्याने मूल कंटाळून वाद्य सोडून देण्यापेक्षा पुढे हात नव्याने बसवावा लागलेला परवडला. मात्र उंची वाढली की मोठ्या वीणेकडे जायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. तेरा-चौदा वर्षांनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी शक्यतो पूर्ण आकाराचीच घ्यावी. लग्नानंतर सुटलेले वादन पन्नाशीत पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या आणि खाली बसू न शकणाऱ्या स्त्रियांना स्टँडवर ठेवायची हलकी वीणा खुर्चीत बसून वाजवता येते. त्यांच्यासाठी ती तडजोड ठरत नाही, वादन पुन्हा सुरू होण्याचे ते दार असते. सतत प्रवास असणाऱ्यांनी लहान वीणा दुसरी म्हणून घ्यावी, एकमेव म्हणून नव्हे.

खरेदी करताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वीणा किती लांब, असे न विचारता मेरूपासून घोडीपर्यंत तार किती लांब, हे टेप लावून मोजावे. तारेची लांबी राखून फक्त पेटा आणि याळीचे मुख लहान करता येईल का, हेही कारागिराला विचारावे. मोठ्या वीणेवर शिकणाऱ्यांना अशी वीणा अधिक उपयोगी. पिकअप असले तरी आधी ते बंद ठेवून खर्जाची तार छेडावी आणि नाद किती वेळ टिकतो ते ऐकावे. वीणा कोणत्या पट्टीत वाजणार, हे आपल्या गुरूंना आधीच विचारून यावे. पडद्यांखालचे मेण उन्हाने मऊ होते आणि पडदे हलतात. ते पुन्हा बसवून देणारा माणूस आपल्या गावाजवळ आहे का, याची चौकशी करावी. आणि बाजारात शोभेच्या छोट्या वीणाही मिळतात. दिवाणखान्यात त्या शोभून दिसतात, पण शिकण्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही.

एक वीणा घडवायला दोन-तीन आठवड्यांची मेहनत लागते. कपाटावर जाऊन बसणारी मोठी वीणा आणि नाद नाही म्हणून आठवड्यात अडगळीत जाणारी लहान वीणा, दोन्ही प्रकारांत ती मेहनत वायाच जाते. म्हणून कारागिराने वीणा पुढे ठेवली की डोळे मिटावेत, तार छेडावी आणि तिचा स्वर विरेपर्यंत गप्प बसावे. पैशांचे बोलणे त्यानंतर.