आरिगातो आणि बेसनाचे लाडू

आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर तो रागावतो. "आभार कसले मानता, मी काय परका आहे?" हा सवाल ठरलेला. अशा संस्कारात वाढलेले आम्ही नोकरीनिमित्त जपानात कोबे शहरी राहावयास गेलो आणि पहिल्याच हिवाळ्यात एक चूक करून बसलो. ती पुढे सांगूच.

जपानी आभाराचा शब्द 'आरिगातो'. गोव्याकडचे आमचे एक स्नेही छातीठोकपणे सांगत की, हा पोर्तुगीज 'ओब्रिगादु'चाच अपभ्रंश! झेवियरसाहेब १५४९ साली गोव्याहूनच जपानला गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेला असणार. ऐकायला गोड, पण खरे नव्हे. पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला प्रथम लागले १५४३ साली. त्याच्या कितीतरी आधी, इ. स. १००० च्या सुमारास, सेई शोनागोन या दरबारी विदुषीने आपल्या टिपणांत 'आरिगाताकि' म्हणजे दुर्मीळ गोष्टींची यादीच दिली आहे. तीत सासऱ्याने वाखाणलेला जावई आहे आणि सासूची लाडकी सूनही आहे! 'आरि' म्हणजे असणे, 'गाताशि' म्हणजे कठीण. सहसा न घडणारे तुम्ही घडवलेत, असा त्या शब्दाचा मूळ भाव.

पण रोजच्या व्यवहारात आरिगातोइतकाच 'सुमिमासेन' कानी पडतो. कोणी आगगाडीत जागा दिली, पडलेली छत्री उचलून दिली, की म्हणायचे सुमिमासेन. हा शब्द खरा क्षमेचा. 'सुमु' म्हणजे फिटणे, संपणे. सुमिमासेन म्हणजे फिटलेले नाही. आपली आजी नाही का म्हणत, "तुम्हाला उगाच त्रास दिला हो"? तसेच हे. आपल्या 'आभारा'तही भार आहेच की.

जेवणाआधी 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे नम्रपणे स्वीकारतो. मूळ अर्थ मस्तकी धरणे. आपण प्रसाद कपाळाला लावतो त्याची आठवण होते. जेवण झाल्यावर 'गोचिसोसामा'. यातल्या 'चिसो'चा अर्थ धावाधाव करणे. यजमानाने आपल्यासाठी केलेल्या धावपळीची ती पावती. प्रकृती विचारली तर उत्तर 'ओकागेसामा दे', तुमच्या छायेमुळे बरे आहे. हे तर थेट आपले "तुमच्या आशीर्वादाने"!

आता ती चूक. आम्ही तापाने पडलो असता खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तांदळाची मऊ पेज आणि खारवलेले उमे फळ घेऊन आल्या. आम्ही आरिगातो म्हटले, बरे झाल्यावर भांडे परत केले. रिकामे भांडे देऊ नये म्हणून त्यात घरचे बेसनाचे चार लाडू घातले. झाले, आमच्या हिशेबी प्रकरण मिटले.

त्यानंतर जिन्यात, भाजीच्या दुकानात, जिथे भेटतील तिथे आजीबाई वाकून म्हणत, "सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता", म्हणजे त्या दिवशीबद्दल आभार. आम्ही आपले हसून मान डोलवत असू. चार लाडवांचे एवढे काय, असे वाटे. महिन्याभराने कचेरीतल्या एका सहकाऱ्याला हे गमतीने सांगितले, तर तो गंभीरच झाला. "आणि पेजेबद्दल तुम्ही पुन्हा काय म्हणालात?" काहीच नाही! तिथे उपकाराचे आभार त्या वेळी मानतातच, पण पुढच्या भेटीत पुन्हा मानायचे असतात. नाहीतर विसरलात असा अर्थ होतो.

त्या रात्री आम्हाला नीट झोप लागली नाही. सकाळी खाली जाऊन दार ठोठावले आणि पाठ केलेले वाक्य एका दमात म्हणून टाकले. आजीबाई "इइए, इइए" म्हणत हात हलवू लागल्या, नको नको म्हणून. मग किंचित घुटमळून त्यांनी विचारले की, ते पिवळे गोळे कशाचे करतात, आणि हरभऱ्याचे पीठ कोबेत कुठे मिळते?