हृदयाच्या पेशीची जन्मतारीख

पॅथॉलॉजीच्या स्लाइड वाचण्यात माझी सारी नोकरी गेली. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की स्नायूपेशीच्या केंद्रकाच्या दोन्ही टोकांना पिवळट-तपकिरी कण दिसतात. हे लायपोफ्युसिन, म्हणजे पेशीला पचवता न आल्यामुळे वर्षानुवर्षं साठत गेलेला कचरा. तरुण हृदयात तो नावापुरता असतो, ऐंशीच्या घरात ठसठशीत. विद्यार्थ्यांना मी तो आवर्जून दाखवते. मग एखादी मुलगी विचारते, “मॅडम, पण ही पेशी जन्माला कधी आली?” ते स्लाइडवर दिसत नाही.

त्याचं उत्तर 2009 साली मिळालं आणि ते मिळायला अणुबॉम्बच्या चाचण्या कारणी लागल्या. 1955 पासून या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 वाढत गेला आणि 1963 पर्यंत जवळजवळ दुप्पट झाला. त्या वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. पुढे समुद्र आणि झाडंझुडपं तो शोषून घेऊ लागली, तसं त्याचं प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला हा कार्बन पिकांत येतो, पिकांतून आपल्या ताटात. पेशी जन्मताना तिच्या डीएनएत त्या काळचा कार्बन बसतो आणि तिथेच राहतो. तो मोजला की जन्माचा काळ कळतो.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रीसेन आणि ओलाफ बर्गमन यांनी मृत व्यक्तींच्या हृदयांवर हे काम केलं. खरी मेहनत मोजण्याच्या आधीची होती. हृदयात स्नायूपेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या आणि जोडऊतींच्याही पेशी असतात. वरच्या कप्प्यांत तर स्नायूपेशी जेमतेम तीस टक्के. सगळ्यांचा डीएनए एकत्र मोजला असता तर हाती काहीच लागलं नसतं. म्हणून त्यांनी ट्रोपोनिनचा आधार घेतला. छातीत दुखलं की इस्पितळात रक्तात तपासतात, तेच हे प्रथिन. स्नायूपेशीच्या केंद्रकातही ते सापडतं. त्याला चिकटणारी चमकती प्रतिपिंडं लावून यंत्राने फक्त तीच केंद्रकं वेगळी काढली. लहानपणी हृदयाच्या पेशी न विभागताच आपला डीएनए दुप्पट करतात, तो हिशेबही वजा करावा लागला. इतकी काटेकोर तयारी पाहिली की मला या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो.

1955 पूर्वी जन्मलेल्यांच्या स्नायूपेशींतही बॉम्बनंतरचा कार्बन निघाला. म्हणजे जन्मानंतरही नव्या पेशी तयार होतात, पण फार थोड्या: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, पंचाहत्तरीत 0.45 टक्के. आयुष्यभरात निम्म्याहूनही कमी पेशी बदलतात. रक्तवाहिन्यांचं अस्तर मात्र झपाट्याने नवं होत राहतं. म्हणजे म्हातारं हृदय बरंचसं बालपणीच्याच पेशींवर चाललेलं असतं, आणि त्या पेशींची काय अवस्था होते हा पुढचा प्रश्न उरतो.

बोस्टनच्या संशोधकांनी 2022 मध्ये एकेक स्नायूपेशी सुटी करून तिचा सगळा डीएनए वाचला. अर्भकापासून 82 वर्षांपर्यंतच्या 12 जणांच्या पेशी होत्या. वयाबरोबर डीएनएतल्या चुका वाढत गेलेल्या दिसल्या आणि त्यांतल्या बऱ्याच चुकांवर ऑक्सिजनमुळे होणाऱ्या हानीची खूण होती. अविश्रांत काम करणाऱ्या या स्नायूला ऑक्सिजन सतत लागतो, आणि त्याची किंमत पेशी अशी मोजते.

हवेतलं कार्बन-14 चं प्रमाण आता जवळपास मूळपदावर आलंय, त्यामुळे आज जन्मणाऱ्यांच्या पेशींना ही तारीख मिळणार नाही. जुन्या नमुन्यांचं मोल म्हणूनच वाढतं. 2024 च्या अखेरीस याच पद्धतीने निकामी होत चाललेली हृदयं तपासली गेली. त्यांच्यात नव्या पेशींचं प्रमाण निरोगी हृदयापेक्षाही कितीतरी खाली गेलं होतं. पण कृत्रिम पंप बसवल्यावर ज्यांचं हृदय सावरलं, त्यांच्यात ते निरोगी हृदयाच्या सहा पटींहून अधिक निघालं. भार हलका झाल्यावर पेशीत नेमकं काय बदलतं, हे कळलं तर पंपाशिवायही हृदयाला ती उभारी देता येईल का, याचा शोध आता घ्यायचा आहे.