वीजकामाची खांद्यावरची पिशवी



आपल्या वायरिंगच्या वर्गातून शिकून घरी परतणाऱ्या मुलामुलींना हत्यारे द्यावीत, अशी इच्छा अनेक जण कळवतात. काही जण तर पेटीच विकत घेऊन आणून देतात. त्यामागच्या प्रेमाची किंमत करता येणार नाही. परंतु 'शंभर नगांचा संच' म्हणून बाजारात मिळणारी ती पेटी उघडली की निम्मे पाने आणि सॉकेट मोटारसायकलच्या कामाचे निघतात आणि वीजकामाचा म्हणून कोपऱ्यात एक हलका टेस्टर असतो. म्हणून पिशवीत काय हवे आणि ते कशासाठी, हे या वेळी थोडे सविस्तर सांगतो.

आधी ही पिशवी जाते कुठे, ते पाहू. सातपुड्यात, धडगावच्या बाजूला, एक घर या टेकडीवर तर दुसरे पलीकडच्या. मधला रस्ता पायवाटेचा. पेटी हातात धरून चढ चढता येत नाही, तेव्हा कॅनव्हासची, खांद्यावर अडकवायची पिशवीच बरी. 2017 साली सौभाग्य योजना आली, त्यानंतर पुष्कळ पाड्यांवर मीटर बसले. जिथे तारा पोचणे अवघड होते, तिथल्या काही घरांना सौर पॅनेल आणि बॅटरी मिळाली. या घरांत बिघडते ते थोडकेच: होल्डर, बटण, चार्जिंगचा सॉकेट, पंख्याचा कंडेन्सर. हेच आमचे हलके काम. मीटर आणि त्यामागचे सारे महावितरणचे, आणि नवी वायरिंग परवानाधारक वायरमनची. ही हद्द मुलांना पहिल्याच दिवशी आखून देतो.

लोकांना वाटते, पिशवीत मुख्य वस्तू म्हणजे पक्कड. माझ्या मते मुख्य वस्तू ती, जी तारेत वीज नाही याची खात्री पटवते.

टेस्टर सर्वांना ठाऊक आहे. त्यातला निऑनचा छोटा दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. आतला रोधक तो प्रवाह धोक्याच्या फार खाली ठेवतो. मात्र भर उन्हात ओट्यावर तो दिवा दिसत नाही. कोरड्या लाकडी खाटेवर उभे राहून लावला तर फिका पेटतो. म्हणून टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही, असा कधीही धरू नये. आमचा नियम तीन स्पर्शांचा आहे: आधी जिवंत असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावायचा, मग जिथे काम करायचे तिथे, मग पुन्हा पहिल्या ठिकाणी. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो तिसऱ्या स्पर्शात पकडला जातो. आणि टेस्टरने स्क्रू पिळायचे नाहीत. त्याचे प्लॅस्टिक तडकते, आणि तडकलेला टेस्टर हातात धरण्यासारखी वस्तू राहत नाही.

दुसरी वस्तू टेस्ट लॅम्प. होल्डर, त्यातून निघालेल्या दोन चांगल्या वायरी आणि जाळी लावलेला बल्ब. हा मुले वर्गातच तयार करतात. फेज आणि न्यूट्रल या दोन्हींवर लावला आणि बल्ब लख्ख पेटला, तर पुरवठा ठीक. मंद पेटला, तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा व्होल्टेज पडले आहे. न्यूट्रल तुटली आहे की काय, हे नुसत्या टेस्टरने कळत नाही, याने कळते. मात्र बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचाच हवा. एलईडी बल्ब गळतीच्या क्षुल्लक प्रवाहावरही मिणमिणतो आणि फसवतो.

तिसरा मल्टिमीटर, सौर संचाच्या घरांसाठी. बारा व्होल्टच्या बॅटरीवर निऑनचा टेस्टर पेटतच नाही, त्याला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. बारा व्होल्टने झटका बसत नाही म्हणून मुले निर्धास्त होतात, पण बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणात लालभडक तापतो. बोटातली अंगठी तशी तापली तर बोट जाऊ शकते. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी बांगड्या, कडी, अंगठ्या उतरवून त्याच पिशवीच्या लहान कप्प्यात ठेवायच्या.

आता हत्यारे. 1000 व्होल्टची खूण असलेली आठ इंची पक्कड, नोज प्लायर, लहानमोठे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक चौफुलीचा, वायर स्ट्रिपर, चाकू, पोकर, छोटी हातोडी, डोक्याला बांधायची बॅटरी. स्ट्रिपर चैनीची वस्तू वाटते, पण तो नसला की मुले वायर दातांनी सोलतात, आणि एक दिवस ती वायर जिवंत निघते. ड्रिल मशीन कृपया पाठवू नये. इथल्या भिंती कुडाच्या, वर मातीचा लेप; बोर्ड बसतो तो लाकडी खांबावर किंवा फळीवर. पोकरने भोक पाडले की स्क्रू घट्ट बसतो.

सामानात थोडी 1.5 चौरस मिलिमीटरची आयएसआय खुणेची तांब्याची वायर, दोन होल्डर, दोन बटणे, कनेक्टर पट्टी, चिकटपट्टी, 2.5 मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर. आणि फ्यूजच्या तारेचे कार्ड. फ्यूज उडाला की घरोघरी वायरीतली जाड तांब्याची तार गुंडाळून देतात. मग फ्यूज उडत नाही, वायर जळते.

पिशवीत लाल फडक्याचा एक तुकडाही असतो. पाड्यावर लाईट सारखी जाते, आणि 'लाईट नाही तोवर काम उरकून घेऊ' असे म्हणणे अंगवळणी पडले आहे. लाईट सांगून येत नाही. म्हणून मेन स्विच बंद करायचा, किटकॅट फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात घालायचा आणि स्विचला लाल फडके बांधून घरातल्या आजीपासून लहानग्यापर्यंत सर्वांना सांगायचे की हे सुटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाटी लिहून चालत नाही. घरात सर्वांनाच वाचता येते असे नाही. नुसते दिव्याचे बटण बंद करूनही भागत नाही. कित्येक घरांत बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवलेले आढळते. दिवा विझतो, होल्डर मात्र जिवंतच राहतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पावसाळ्यात कळते. उंदराने कुरतडलेली वायर ओल्या पत्र्याला टेकते, पत्र्याच्या चौकटीला कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते, आणि माऊली ओल्या हातांनी, अनवाणी, ओल्या जमिनीवर उभी राहून लुगडे पसरायला जाते. आपली मुले दुसऱ्याच कामासाठी गेलेली असली तरी मेन स्विच बंद करून आधी पत्र्याजवळची वायर नजरेखालून घालतात, ती दूर सरकवतात आणि कपड्यांची तार लाकडी खुंटाला बांधायला सांगतात. सॉकेटचे तिसरे, वरचे भोक आतून रिकामेच असेल तर अर्थिंग नाही, हे घरच्यांना सांगून वायरमनला निरोप देतात. याला हत्यार लागत नाही, पण पिशवी खांद्यावर असली की लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

पिशवी भरून देताना कोणाला पुढे हातभार लावावासा वाटला, तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत एवढा फरक पडला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. तो पिशवीतला नव्हे, घराचा. आणि बसवायचा परवानाधारक वायरमननेच.

वापरलेली हत्यारेही चालतील, फक्त पक्कडीच्या मुठीवरचे आवरण चिरलेले नसावे. आणि आपल्या माळ्यावर जुने पिवळे बल्ब, साठाचे किंवा शंभराचे, पडून असतील तर फेकू नका. ते आता दुकानात सहज मिळत नाहीत. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, खोक्यात पेंढा घालून पाठवा.