अर्भकाच्या रक्तातील जंतू

मोठ्या माणसास जंतुबाधा झाली की बहुधा ताप भरतो. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचे तसे नसते. रक्तात जंतू शिरले म्हणजे ते दूध ओढीनासे होते, अंग गार पडते, श्वास मध्येच थांबतो. म्हणून अतिदक्षता विभागातील डॉक्टर प्रथम रक्ताचा नमुना तपासणीस धाडतात आणि अहवालाची वाट न पाहता शिरेतून, बहुधा अँपिसिलिन व जेंटामायसिन, ही औषधे सुरू करतात. नमुन्यात जंतू न आढळल्यास व मूल सुधारल्यास ती वेळीच थांबविणेही तितकेच अगत्याचे. कारण औषधांच्या अतिवापराने जंतू निर्ढावतात. दिल्लीतील तीन रुग्णालयांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. अशा वेळी बाळाची पहिली राखण दोन गोष्टी करतात : स्वच्छ धुतलेले हात आणि आईचे दूध.