काका, जरा हळू!

मित्रमैत्रिणींनो, एक कोडं घालू का? लिफ्टच्या दारात शेजारचे काका भेटले, तर ते काय म्हणतात? "या, या, आधी तुम्ही!" लग्नाच्या पंगतीत ते दुसऱ्याला आग्रहानं वाढतात, रांगेत म्हाताऱ्या आजींना पुढे जाऊ देतात. पण हेच काका गाडीत बसले आणि काच वर केली, की काय होतं? पुढचा स्कूटरवाला क्षणभर थांबला, की लगेच पॉं पॉं पॉं! झेब्रा पट्ट्यांवर कुणी पाऊल ठेवलं, की गाडी थांबायच्याऐवजी आणखी जोरात. माणूस तोच. मग त्याचा चांगुलपणा गेला कुठे?

उत्तर फारसं अवघड नाही. लिफ्टमध्ये सगळे एकमेकांना ओळखतात. उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं! रस्त्यावर मात्र कुणी कुणाचं नसतं. समोर असतो तो फक्त एक नंबर. तो चिडला काय, घाबरला काय, पुन्हा थोडाच भेटणार आहे?

हा नुसता सभ्यपणाचा प्रश्न असता, तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. भागाकार करून पाहा. दर तासाला १९ माणसं! म्हणजे तुमचा गणिताचा एक तास संपेपर्यंत कितीतरी घरांवर आकाश कोसळलेलं असतं.

पोलीस आहेत, कायदा आहे, दंड आहे. तो हवाच. पण प्रत्येक वळणावर पोलीस कसा उभा करणार? मग साधी माणसंच एकमेकांना वळण लावू शकतील का? जगात काही ठिकाणी हे करून पाहिलंय बरं का!

लाल अंगठा, पांढरा अंगठा

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी बोगोटा. १९९५ साली तिथे आंतानास मोकुस नावाचे महापौर आले. हे गृहस्थ मूळचे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. शहरातली वाहतूक म्हणजे नुसता सावळागोंधळ! मोकुस यांनी काय करावं? तोंडाला पांढरा रंग फासलेले मूकनाट्याचे कलाकार चौकाचौकांत उभे केले! कुणी सिग्नल तोडला, पट्ट्यांवर गाडी उभी केली, की हे कलाकार हातवारे करून त्याची नक्कल करायचे. शब्द एकही नाही, शिवी नाही, पावती नाही. पण सगळा चौक हसायचा. दंडापेक्षा ते हसणंच लोकांना जास्त झोंबायचं.

मोकुस यांनी आणखी एक गंमत केली. शहरातल्या लोकांना तब्बल साडेतीन लाख कार्डं वाटली. एका बाजूला वर केलेला पांढरा अंगठा, म्हणजे 'शाब्बास!' दुसऱ्या बाजूला खाली केलेला लाल अंगठा, म्हणजे 'हे बरं नाही हं!' कुणी वाट दिली, की पांढरा अंगठा. कुणी घुसला, की लाल. भांडण नको, आरडाओरडा नको. जिथे पादचारी मेले होते, तिथे रस्त्यावर तारेही रंगवले गेले. चालवणाऱ्याला रोज दिसावं, की इथे एक माणूस गेला.

बोगोटात पूर्वी वर्षाला सुमारे १,३०० माणसं रस्त्यावर मरत. दहाएक वर्षांत हा आकडा ६०० च्या आसपास आला. अर्थात हे सगळं श्रेय अंगठ्याचं नाही. रात्री दारू विकण्याच्या वेळेवर बंधनं आली, रस्ते सुधारले, इतरही उपाय झाले. पण रस्त्यावरचे अनोळखी लोक एकमेकांशी 'बोलू' लागले, हेही खरंच.

गाडीतला आवाज

आता आफ्रिकेत जाऊ. केनिया देशात 'मटाटू' नावाच्या छोट्या व्हॅन धावतात. आपल्याकडच्या वडापच्या गाड्यांसारख्याच! जास्त फेऱ्या मारल्या की जास्त पैसे, म्हणून चालक सुसाट. आत बसलेले प्रवासी जीव मुठीत धरून गप्प. प्रत्येकाला वाटतं, 'मी एकटा कशाला बोलू? बाकीचे कुठे बोलताहेत?' गंमत म्हणजे सगळ्यांनाच असं वाटत असतं!

हबियारिमाना आणि जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग केला. दोन हजारांहून जास्त मटाटू घेतल्या. त्यांतल्या सुमारे निम्म्या गाड्यांच्या आत फक्त चिकटपट्ट्या लावल्या. त्यांवर मजकूर काय? चालक बेफाम चालवत असेल तर गप्प बसू नका, बोला! चालकांनी त्या काढून टाकू नयेत म्हणून एक सोडतही ठेवली. एवढंच! वर्षभरानं विम्याच्या नोंदी तपासल्या, तर या गाड्यांच्या अपघातांचे दावे निम्म्यानं, काही हिशेबांत तर दोन तृतीयांशांनी घटलेले. पुढे हाच प्रयोग खूप मोठ्या प्रमाणावर झाला. तेव्हा फरक कमी पडला, पण तरीही दावे पाव ते एक तृतीयांश इतके उतरले.

चिकटपट्टीत काही जादू नव्हती. 'बोललं तर चालतं' एवढंच तिनं प्रवाशांना सांगितलं.

भोंगा नसलेलं शहर

आणि हे सगळं परदेशातच होतं असं नाही हं! आपल्याच मिझोराम राज्याची राजधानी ऐझॉल पाहा. डोंगरउतारावरचं शहर, रस्ते अरुंद, गाड्या पुष्कळ. तरीही मोटारी एका रांगेत, दुचाक्या दुसऱ्या रांगेत शांतपणे उभ्या. मधेच घुसणं नाही, उगाच हॉर्न नाही. बाहेरून गेलेले लोक चकित होतात. मिझो समाजात स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करण्याची जुनी शिकवण आहे. तिला ते 'त्लोमङाइना' म्हणतात. तिथे घुसखोरी करणारा नियम तर मोडतोच, पण चार माणसांत त्याची मानही खाली जाते.

आपल्या मुंबई पोलिसांनीही अशीच एक युक्ती केली होती. २०१९ च्या अखेरीस काही सिग्नलांना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात! वाजवा, आणि बसा थांबून! हॉर्न वाजवणाऱ्याकडे मग आजूबाजूचे सगळे कसे बघत असतील, ते सांगायला नकोच.

पण मित्रच उलटे निघाले तर?

इथे एक धोक्याची घंटा. माणसं जशी एकमेकांना सावरतात, तशी भरीलाही घालतात.

अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठाच्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे दामटायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांचे मित्र होते. मित्र बघत असले, की १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीच्या पुढच्यांवर मात्र मित्रांचा असा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

म्हणजे "अरे, पळव ना! घाबरतोस काय?" हे वाक्य तुमच्या वयात खरंच गाडीचा वेग वाढवतं. आणि वेग म्हणजे काय? ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर कुत्रं आलं, हे डोक्यात शिरून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. त्यात वेग दुप्पट केला, की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं!

कायदाही इथे कडक आहे. गिअर नसलेली, ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी, तीही घरच्यांच्या संमतीनं परवाना काढून. बाकी सगळं अठरानंतर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

तुमच्याकडे काय आहे?

तुमच्याकडे गाडी नाही, शिट्टी नाही, पावतीपुस्तक नाही. पण तुम्ही रोज कुणाच्या तरी गाडीत बसता. रिक्षात, शाळेच्या व्हॅनमध्ये, बाबांच्या स्कूटरवर, आईच्या गाडीत. म्हणजे केनियातल्या त्या प्रवाशांसारखेच की!

मग बोला. पण बोलायची एक रीत आहे. ओरडायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. रिक्षावाल्या काकांना पुढची फेरी गाठायची असते, त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो. "काका, जरा हळू घ्या ना, उशीर झाला तरी चालेल," असं म्हटलं तर कुणाला राग येईल? एकट्यानं धीर होत नसेल, तर व्हॅनमधल्या सगळ्यांनी आधी ठरवून एकदम म्हणा. आणि तरीही ऐकलं नाही, तर घरी आणि शाळेत सांगा. ती चुगली नव्हे!

घरातही तेच. "बाबा, फोन मी बघतो, तुम्ही गाडी चालवा." "आई, पट्टा लावलास?" दादा हेल्मेट विसरला, तर ते त्याच्या हातात नेऊन द्या. आणि कुणी थांबून तुम्हाला रस्ता ओलांडू दिला, तर हसून हात वर करा. पांढरं कार्ड नसलं म्हणून काय झालं? अंगठा तर आहे!

सगळ्यात कठीण बोलणं मात्र मित्राशी. तो चावी फिरवत म्हणेल, "चल, एक चक्कर मारू." तेव्हा "मी नाही बसणार, आणि तूही नको काढूस," असं म्हणायला छाती लागते. एकानं म्हटलं तर तो हसेल. तिघांनी म्हटलं तर बहुतेक गाडी स्टँडवरच राहील.

पुढच्या पाचसात वर्षांत तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात हँडल येईल, स्टिअरिंग येईल. आज जे तुम्ही काकांना सांगाल, तेच उद्या तुमच्या मागे बसलेलं एखादं चिमुरडं तुम्हाला सांगेल. तेव्हा त्याचं ऐकाल ना?