पाण्याच्या दप्तराची रुजुवात

कृष्णेला पूर आला म्हणजे सांगलीकर आयर्विन पुलाचा आकडा विचारतात आणि कोल्हापूरकर पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याचा. तेथे ४५ फूट आणि येथे ४३ फूट ही धोक्याची पातळी दोन्हीकडे मुलाबाळांनाही तोंडपाठ असते. उलट खाली कर्नाटकातील अलमट्टीचा जलाशय ५१९.६० मीटरला पूर्ण भरतो, आणि ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. अलमट्टीच्या फुगवट्याने सांगली बुडते की नाही, या वादात ज्याला गणित घेऊन उतरावयाचे असेल, त्याला आधी पुलाच्या मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे याची रुजुवात करावी लागते. त्यावाचून हे आकडे एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, मग भाषणे कितीही होवोत.

पाण्याच्या सरकारी दप्तराचे आधुनिकीकरण म्हणजे मुख्यतः हे शून्यांचे एकीकरण होय, असे माझे मत आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये, सुमारे ३,६७९ कोटी रुपये खर्चाचा, राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्याने मंजूर केला आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय जल माहिती केंद्र स्थापन झाले. पुलाखाली रडार बसले. त्याची लहर पाण्यावर आपटून परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून पातळी कळते आणि ती तत्काळ कचेरीत पोहोचते, सबब भर पावसात रात्री पट्टी वाचणाऱ्या कर्मचाऱ्यावरचा भार हलका होतो.

तथापि रडार पातळी सांगते, विसर्ग सांगत नाही. किती पाणी वाहिले हे ठरविण्यासाठी नदीच्या छेदात निरनिराळ्या खोलींवर प्रवाहवेग मोजून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख बांधावा लागतो, आणि हा आलेख शाश्वत नसतो: पुरात तळ खरवडला जातो, गाळ साचतो, काठ ढासळतो. शिवाय पूर चढत असताना पाण्याच्या पृष्ठाचा उतार अधिक असल्याने, त्याच पातळीला ओसरत्या पुरापेक्षा अधिक पाणी वाहते. जुन्या आलेखावर बसविलेले नवे यंत्र चूक तेवढी अधिक वेगाने कळविते. यंत्रखरेदीची निविदा निघते, उद्घाटन होते. पुन:पुन्हा होडी घालून वेग मोजण्याच्या कामाचे मात्र उद्घाटन नसते, म्हणून त्याला तरतूदही बेताचीच.

राहता राहिला प्रश्न दप्तर उघडण्याचा. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने राष्ट्रीय सुरक्षेसाठी गोपनीय ठरविलेली माहिती वगळता बाकीची जलविषयक माहिती सार्वजनिक असावी असे म्हटले आहे, आणि कृष्णेसारख्या देशांतर्गत नदीला गोपनीयतेची सबब फारशी लागू पडत नाही. संकेतस्थळावर प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या पट्टीचे शून्य आणि विसर्ग शेवटचा प्रत्यक्ष मोजल्याची तारीख छापावी. नवे यंत्र न घेताही हे करता येण्याजोगे आहे.