राहून गेलेली तपासणी

गेल्या आठवड्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात तात्या आले. वय ६४, मधुमेह चौदा वर्षांचा. दर महिन्याला ठरल्या दिवशी केसपेपर घेऊन रांगेत उभे राहणारे, गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत जपून आणणारे आमचे जुने रुग्ण. मार्चनंतर ते प्रथमच दिसले. उजव्या पायाला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. ती सोडली तेव्हा अंगठा आणि शेजारचे बोट काळे पडलेले दिसले.

‘‘तात्या, इतके दिवस का नाही आलात?’’

‘‘मॅडम, तुम्हीच म्हणाला होता ना, आता येऊ नका म्हणून.’’

त्यांचे खरे होते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांना महिन्याच्या गोळ्या देऊन सांगितले होते, ‘‘अगदी गरज असेल तरच या, नाहीतर घरीच थांबा.’’ त्या दिवसांत तो सल्ला योग्य होता. रुग्णालय करोनासाठी रिकामे करायचे होते, पुरेसे मास्क नव्हते, गाड्या बंद होणार होत्या. पण तो सल्ला कधी संपला, हे आम्ही तात्यांना सांगितलेच नाही. महिन्याच्या गोळ्या संपल्यावर ते गावातल्या दुकानातून त्याच गोळ्या आणत राहिले, आणि पैसे कमी पडू लागले तसे एक दिवसाआड घेऊ लागले. सप्टेंबरमध्ये चपलेचा खिळा टोचला. मधुमेहाने पायाची संवेदना बधिर झालेली असल्यामुळे दुखले नाही, म्हणून त्यांनी लक्षही दिले नाही.

म्हणून आजचा हा लेख. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, क्षयरोग, गरोदरपण किंवा घरात लहान बाळ असेल, आणि करोनाच्या भीतीने तपासणी राहिली असेल, तर आता जा. सांभाळून कसे जायचे, तेही पुढे सांगते.

किती जण घरी राहिले?

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांची पाहणी केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक म्हणजे ५३ टक्के देशांत रक्तदाबाचे उपचार पूर्णपणे किंवा काही प्रमाणात विस्कळीत झाले होते. मधुमेहाच्या बाबतीत हे प्रमाण ४९ टक्के, कर्करोगाच्या बाबतीत ४२ टक्के होते. याच संघटनेचा क्षयरोगावरचा अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये आला. जानेवारी ते जून २०२० या काळात भारतात नोंदल्या गेलेल्या क्षयरुग्णांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत २५ ते ३० टक्क्यांनी घटली होती. क्षयरोग सहा महिन्यांत एवढा कमी होत नाही. हे रुग्ण आपल्यातच होते. ते खोकत घरी बसले होते, त्यांचे निदान व्हायचे राहिले होते आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोका होता.

मग रुग्णालयात जाण्यातला धोका आणि न जाण्यातला धोका यांत मोठा कोणता? लहान मुलांच्या लसीकरणाबाबत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधले गेले आहे. लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी आफ्रिकेतील देशांसाठी हिशेब मांडला. लसीसाठी केंद्रात गेल्यामुळे करोनाने होऊ शकणारा प्रत्येकी एक जादा मृत्यू एका बाजूला ठेवला, तर दुसऱ्या बाजूला लसीकरण चालू ठेवल्याने ८४ बालमृत्यू टळतात, असा त्यांचा अंदाज आहे. तिथली परिस्थिती वेगळी असल्याने हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लागू होणार नाही, पण तराजू कुठे झुकतो ते कळते.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. साखर आटोक्यात नसलेल्या माणसाला करोना झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे करोनाच्या भीतीने तपासणी टाळणारा मधुमेही करोनासमोरच अधिक दुबळा होतो.

औषध बंद करू नका

मार्च-एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवर एक संदेश फिरत होता की, रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे करोना वाढतो. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या गटांतल्या गोळ्यांबद्दलची ही शंका होती. ती सुरुवातीला काही शास्त्रज्ञांनीही उपस्थित केली होती, त्यामुळे घाबरणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच गोळ्या चालू ठेवा असे सांगितले होते. त्यानंतर ब्राझीलमध्ये करोना होऊन दाखल झालेल्या ६५९ रुग्णांवर प्रत्यक्ष चाचणी झाली. निम्म्यांच्या गोळ्या थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. थांबवल्याचा काही फायदा झाला नाही, असे सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाले. तेव्हा या कारणाने कोणी गोळी सोडली असेल तर डॉक्टरांशी बोलून ती पुन्हा सुरू करावी.

प्रत्यक्ष जायचे की फोनवर भागेल?

प्रत्येक कामासाठी रुग्णालयात यायलाच हवे असे नाही. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार डॉक्टर फोनवर किंवा व्हिडीओवर सल्ला देऊ शकतात आणि पूर्वी तपासलेल्या रुग्णाची नेहमीची औषधे पुढे चालू ठेवू शकतात. सरकारची ‘ई-संजीवनी ओपीडी’ ही सेवा मोफत आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले तर तो पाच मिनिटांत जोडून देईल. घरी मोजलेला रक्तदाब ठीक आहे, नवीन त्रास नाही, फक्त गोळ्या लिहून हव्या आहेत, अशा वेळी फोन पुरतो. चष्म्याचा नंबर, दातांची नुसती सफाई अशी कामे थोडी लांबवली तरी चालतील.

पण पुढच्या गोष्टी फोनवर होत नाहीत. मधुमेहींची तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाची रक्त तपासणी, पायांची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी. गरोदर स्त्रीचा रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि पोटाची तपासणी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस दर महिन्याच्या ९ तारखेला असतो, तो विचारून ठेवा. बाळाच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी आणि नवव्या महिन्यानंतरची गोवर-रुबेलाची लस. तारीख चुकली असेल तर लाजू नका, राहिलेली लस आता देता येते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर करोनाबरोबर थुंकीचीही तपासणी करून घ्या. छातीत गाठ, न भरणारी जखम, शौचातून रक्त, कारण नसताना घटलेले वजन, यांसाठी दिवाळीनंतरचा मुहूर्त काढू नका.

आणि काही वेळा तर विचारच करायचा नाही. छातीत दाबल्यासारखे दुखणे, तोंड वाकडे होणे, हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, दम लागणे, गरोदरपणात रक्तस्राव, अशा वेळी लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. रात्रभर वाट पाहून सकाळी आलेल्या रुग्णासाठी ते हाताशी असून उपयोग नसतो.

निघण्यापूर्वी

ताप, खोकला, घसादुखी असेल किंवा वास-चव गेली असेल तर नेहमीच्या रांगेत न थांबता थेट ताप तपासणी कक्षात जा. घरात कोणी करोनाबाधित असेल तर आधी फोन करून विचारा.

बाकीच्यांनी दिवस निवडून यावे. आमच्याकडे सोमवारी आणि आठवडे बाजाराच्या दिवशी सर्वाधिक गर्दी असते. मधुमेह-रक्तदाबाचा वेगळा कक्ष कोणत्या वारी असतो, ते आशाताईंकडून कळेल. काही ठिकाणी जवळच्या उपकेंद्रातच रक्तदाब, साखर तपासून गोळ्या मिळतात, मग जिल्ह्याच्या गावाला येण्याची गरजही उरत नाही. रक्त तपासणी आणि डॉक्टरांची भेट एकाच फेरीत होईल असे पाहा.

बरोबर जुना केसपेपर, चालू गोळ्यांची पाकिटे, घरचे पाणी, पेन आणि जादा मास्क घ्या. डॉक्टरांना काय विचारायचे ते चार ओळींत लिहून आणा. त्यामुळे खोलीतला वेळ कमी होतो. बरोबर एकच माणूस असावा, तोही शक्यतो तरुण. नातवंडांना आणू नका. रिक्षा केली तर बाजूचे पडदे वर करायला सांगा. एसटीने येणार असाल तर खिडकीजवळ बसा आणि खिडकी उघडी ठेवा.

रुग्णालयात

लागण होण्याचा धोका चार गोष्टींवर ठरतो : किती जवळ, किती वेळ, जागा किती बंदिस्त आणि तोंडावर मास्क आहे की नाही. हे चार प्रश्न मनाशी ठेवले की काय करायचे ते आपोआप सुचते. केसपेपरची खिडकी आणि औषधांची खिडकी या दोन ठिकाणी माणसे सर्वात जवळ येतात. तिथे बरोबरच्या तरुण माणसाला उभे करा आणि रुग्णाने बाहेर झाडाखाली किंवा व्हरांड्यात बसावे. नंबर आला की आत यावे. पंखा बंद आणि खिडकी लावलेल्या खोलीत ताटकळत बसू नका. खिडकी उघडायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा हवा. झडप असलेला नको, कारण तुमचा श्वास त्यातून तसाच बाहेर पडतो. रोज दिसणारी एक चूक सांगते. बाहेर दोन तास नीट मास्क लावून बसलेली व्यक्ती माझ्यासमोर आली की बोलण्यासाठी तो हनुवटीवर ओढते. आवाज नीट पोहोचावा, ही त्यामागची भावना मी समजते. पण सर्वात छोटी खोली तीच असते, आणि माझ्यासमोर त्या दिवशी शंभर माणसे बसून गेलेली असतात. मास्क तसाच ठेवा, थोडे मोठ्याने बोला. ऐकू आले नाही तर आम्ही पुन्हा विचारू.

उपाशीपोटी रक्त दिल्यानंतर खाल्लेच पाहिजे, पण डबा बाहेर मोकळ्यावर, इतरांपासून लांब बसून सोडा. खाताना मास्क निघतो, म्हणून त्याच वेळी गप्पा नकोत. निघताना एकाऐवजी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, हे जरूर विचारा. आजार स्थिर असेल आणि साठा असेल तर त्या देता येतात आणि तुमच्या फेऱ्या वाचतात.

घरी आल्यावर हात साबणाने धुवा, कापडी मास्क धुवायला टाका. रिपोर्टच्या कागदांवर सॅनिटायझर फवारत बसण्याची गरज नाही. पुढच्या १४ दिवसांत ताप आला किंवा वास गेला तर लगेच चाचणी करा.

हीच वेळ का?

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात रोज वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस तो आकडा बराच उतरला होता. ई-पास गेला, एसटी पूर्ण आसनांनिशी धावू लागली. दसऱ्याला बाजार फुलले, दिवाळीची खरेदीही सुरू झाली होती. कापडाच्या दुकानात तासभर थांबणारी माणसे रुग्णालयाचे नाव काढताच ‘‘तिथे करोना असतो’’ म्हणत. इथे निदान सगळे जण मास्क लावत होते आणि लावायला लावत होते. युरोपात तेव्हा रुग्ण पुन्हा वाढू लागले होते. आपल्याकडे तसे झाले तर दारे पुन्हा अरुंद होणार होती. मिळालेली ती उसंत राहिलेल्या तपासण्यांसाठी वापरायची होती.

यात आमचीही जबाबदारी आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत कर्मचारी घरोघरी गेले आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांची नोंद करून आले. त्या याद्या कागदावर न ठेवता एकेकाला फोन करून ‘‘आता या’’ असे सांगणे हे आमचे काम आहे. आमच्या विभागात आम्ही जुन्या नोंदवहीतून ते सुरू केले आहे. पहिल्या दिवशी चाळीस फोन केले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तात्यांसारखेच उत्तर दिले, ‘‘तुम्ही बोलवाल म्हणून थांबलो होतो.’’

तात्यांची दोन बोटे काढावी लागली. पाय वाचला. काल ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी विचारले, ‘‘मॅडम, पुढच्या मंगळवारी येऊ ना?’’ तारीख मी स्वतः केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून दिली आणि त्यांच्या मुलाचा फोन नंबर वहीत उतरवून घेतला.